सुईबरोबर बोलीही शिकावी

गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. वय ७८, त्यात जुना दमा. डॉक्टर म्हणाले, "पूर्ण भूल टाळू. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करू."

इंजेक्शन देणारी मुलगी भूलशास्त्राच्या एम.डी.ची विद्यार्थिनी, दूरच्या राज्यातली. शेजारी तिच्या वरिष्ठ डॉक्टर उभ्या होत्या. सुई आत जाताच सासूबाई म्हणाल्या, "कालु जोमु हिडीतु!" मुलीला काहीच कळले नाही. वरिष्ठांनी मात्र तिला तिथेच थांबवले. पायात मुंग्या किंवा झिणझिण्या आल्या, तर सुई मज्जातंतूला लागलेली असू शकते. अशा वेळी औषध सोडायचे नसते. सुईची दिशा बदलली आणि पुढे सारे सुरळीत झाले. हे सासूबाईंनीच नंतर आम्हाला रंगवून सांगितले.

ही विद्या शंभर वर्षांहून जुनी. १८९८ मध्ये जर्मनीतील कील येथे डॉ. ऑगस्ट बियर आणि त्यांचे सहाय्यक हिल्डेब्रांट यांनी पाठीतल्या भुलीचा प्रयोग एकमेकांवरच केला. नंतर दोघांनाही डोकेदुखीने गाठले. आजच्या विद्यार्थ्यांना आधी नकली पाठीवर सराव करता येतो, मग वरिष्ठांच्या नजरेखाली रुग्णावर. हातापायाच्या नसा बधिर करताना सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई आणि नस दोन्ही दिसतात. तरी हात बसायला पुष्कळ वेळा करावेच लागते.

पण रुग्णाला काय जाणवते, ते पडद्यावर दिसत नाही. कानात गुणगुणणे, तोंडाला धातूची चव येणे, जीभ बधिर होणे ही औषध रक्तात जास्त गेल्याची सुरुवातीची खूण असू शकते. ती रुग्णच सांगतो, आणि घाबरलेला माणूस घरच्या भाषेतच बोलतो.

म्हणून वाटते, आपल्या भागात शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना दहा-बारा वाक्ये मराठीत आणि कानडीत शिकवावीत. "हलू नका", "अलुगाडबेडी". "दुखतंय का?", "नोवु आगतैतेनु?" आपणही घरच्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे, की काही वेगळे वाटले तर संकोच न करता बोला.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वही घेऊन आली. 'जोमु' म्हणजे काय, विचारून लिहून घेतले. सासूबाईंनी तिच्याकडून तीनदा म्हणून घेतले, मगच सोडले.