वेगाची नोंद, हाताची राखण

बारा वर्षांच्या मुलाने ताशी 70 मैल वेगाने चेंडू टाकला, तर मोठ्यांचे बेसबॉल पाहणाऱ्याला त्यात विशेष वाटणार नाही. पण मुलांच्या लिटल लीगच्या मैदानावर पिचर आणि होम प्लेट यांच्यात 46 फूट असतात, मोठ्यांच्या मैदानावर 60 फूट 6 इंच. बॅटरच्या हाती उरणाऱ्या वेळेचा हिशेब केला, तर मुलांचा हा 70 मैलांचा चेंडू मोठ्यांच्या 92 मैलांच्या चेंडूइतका ठरतो. आणि तो खेळणारा बॅटरही बाराच वर्षांचा असतो. मुलांचा वेग मोजायला हवा, हे आमचे ठाम मत आहे. प्रश्न आहे तो त्या आकड्याचे पुढे काय करायचे, हा.

मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांनी 1974 मध्ये पोलिसांची रडार गन पिचरवर रोखली, तेव्हापासून वेग हा अंदाजाचा विषय राहिला नाही. त्याच वर्षी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातला तुटलेला अस्थिबंध नव्याने घडवला. आज त्या शस्त्रक्रियेला त्याचेच नाव आहे. या दोन गोष्टी आता एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. अमेरिकेच्या व्यावसायिक मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग 2008 मध्ये 91.3 मैल होता, 2024 मध्ये तो 94.2 झाला. पिचरांच्या दुखापतींवर लीगनेच डिसेंबर 2024 मध्ये जो अहवाल काढला, त्यात वेगाच्या मागे धावणे हे प्रमुख कारण सांगितले आहे, आणि ही धाव शाळकरी वयातच सुरू होते हेही.

बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटचा 2006 चा अभ्यास प्रत्येक प्रशिक्षकाने वाचावा. शस्त्रक्रिया झालेल्या 95 किशोर पिचरांची तुलना तिथे धडधाकट 45 जणांशी केली होती. 85 मैलांहून जोरात टाकणाऱ्यांना शस्त्रक्रियेचा धोका सुमारे अडीचपट, वर्षात आठ महिन्यांहून जास्त टाकणाऱ्यांना पाचपट. आणि हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांना 36 पट. हा शेवटचा आकडा पाहिला की रडार गन कुठे रोखायची ते कळते. मुलाचा सर्वांत वेगवान चेंडू कोणता, यापेक्षा त्याचा नेहमीचा वेग किती आणि आज तो कुठे घसरला, ही नोंद मोलाची. मात्र वेग टिकला म्हणून हात ताजा आहे, असे समजू नका. जिद्दीचे मूल कोपर दुखत असतानाही वेग टिकवते. खांदा खाली येणे, चेंडू उंच जाऊ लागणे, दोन चेंडूंमधला वेळ वाढणे हे डोळ्यांनीच पाहावे लागते.

मोजणीतही शिस्त हवी. चेंडूच्या रेषेपासून 20 अंश बाजूला उभे राहिलात, तर गन 60 चा चेंडू 56 दाखवेल. हातातून सुटताना आणि प्लेटजवळ पोहोचताना वेगात आठ-दहा टक्के फरक पडतो, म्हणून दोन यंत्रांच्या आकड्यांची तुलना करू नका. गन परवडत नसेल तर सेकंदाला 240 चित्रे घेणारा मोबाइल पुरतो: चेंडू सुटल्यापासून कॅचरच्या हातमोज्यात जाईपर्यंतची चित्रे मोजा, त्यांना 240 ने भागून वेळ काढा आणि अंतराला त्या वेळेने भागा. ही सरासरी गनच्या आकड्यापेक्षा थोडी कमी येईल, पण दर वेळी याच रीतीने मोजली तर तुलनेला चोख. स्टॉपवॉच मात्र नको. अर्ध्या सेकंदाच्या प्रवासात बोटाची जरा चूक झाली तरी आकडा निरर्थक होतो.

आपल्याकडे वेगाची चर्चा झाली ती जोरात चेंडू टाकणारे तरुण शोधणाऱ्या 2008 च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेमुळे. उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल त्यातून पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघापर्यंत पोहोचले. ते विशीच्या उंबरठ्यावरचे, भालाफेकीत तयार झालेले तरुण होते. त्यांचे उदाहरण दहा वर्षांच्या मुलापुढे ठेवणे अन्याय आहे. त्या वयात कोपराच्या आतल्या बाजूची वाढीची कूर्चा अजून हाडात जुळलेली नसते, आणि अस्थिबंधाआधी तीच उखडते. शिवाय एकाच वर्गातली दोन मुले वाढीने दोन वर्षे पुढेमागे असू शकतात. आज जोरात टाकणारा बहुधा फक्त आधी वयात आलेला असतो.

लिटल लीगने 2007 पासून डावांऐवजी चेंडू मोजायला सुरुवात केली. 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला 85 चेंडू, आणि 66 किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती. शालेय बेसबॉल संघ घडवणाऱ्या आपल्या क्रीडाशिक्षकांना आमची विनंती आहे, की या हंगामात प्रत्येक पिचरची वही ठेवा: चेंडू किती, वेग किती, विश्रांती किती, दुखते का. आणि निवड चाचणीच्या दिवशी वेगाचे आकडे फलकावर लावू नका.