हातउसने दिलेले पैसे: मुंबईच्या खोलीकडे नको, तीन वर्षांच्या तारखेकडे बघा

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातल्या गावांचं लालबाग-परळशी नातं तीन-चार पिढ्यांचं आहे. गिरणीत कामाला गेलेल्या माणसाने गावी मनीऑर्डर पाठवायची, त्यावर इकडं घर चालायचं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण येणं-जाणं राहिलं. फरक एवढाच की पैसा आता उलट्या दिशेनेही जातो. उसाचं बिल आलं, जमिनीचा मोबदला मिळाला की मुंबईच्या चुलतभावाचा फोन येतो. पोरीचं लग्न आहे, दवाखाना आहे, धंद्याला थोडे कमी पडतात. गावाकडचा माणूस दोन-चार लाख हातउसने देतो. भावकीत कागद कशाला, म्हणून काही लिहून घेत नाही.

मग "गणपतीला आलो की देतो", "शिमग्याला बघू", "बोनस झाला की पहिले तुझेच" असं सुरू होतं. पाच वर्षं निघून जातात. शेवटी माणूस वकिलाकडे जातो, तेव्हा वकील पहिला प्रश्न विचारतो, पैसे दिले कधी? तिथंच बऱ्याच जणांचा दावा संपतो.

गेल्या काही महिन्यांत या विषयावर सर्वोच्च न्यायालयातून दोन गोष्टी समोर आल्या. एक पैसे देणाऱ्याला धीर देणारी आहे, दुसरी डोळे उघडणारी.

गोव्याच्या केसमध्ये काय झालं?

२५ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका चेक बाउन्स केसचा निकाल दिला. ओळखीत दिलेल्या उसन्या पैशांचा मामला होता. चेक ६ लाखांचा होता, तो वटला नाही. खालच्या दोन्ही कोर्टांनी चेक देणाऱ्याला दोषी धरलं, पण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याला सोडलं. त्याचं म्हणणं असं की, समोरच्याला बँकेचं कर्ज मिळावं म्हणून आपण सही करून कोरा चेक दिला होता, आणि एवढी रक्कम उसनी देण्याची त्याची ऐपतच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाला हे पटलं नाही. शिक्षा पुन्हा कायम झाली.

या निकालातला एक मुद्दा गावाकडच्या माणसाच्या फार कामाचा आहे. आयकर कायद्यानुसार २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम उसनी घ्यायची तर ती रोख घेता येत नाही. मग रोख दिलेले पैसे बेकायदा, ते मागताच येत नाहीत, असा बचाव कोर्टात केला जायचा. न्यायालयाने सांगितलं की नियम मोडला तर त्यासाठी दंडाची तरतूद आहे, पण म्हणून देणं बुडत नाही. शिवाय घेणारा आणि देणारा दोघांचंही उत्पन्न शेतीचं असेल आणि दोघांनाही करपात्र उत्पन्न नसेल, तर त्यांना या रोखीच्या नियमातून सूटच आहे.

तरीही पैसे बँकेतूनच द्यावेत. कारण साधं आहे. रोख दिलेले पैसे दिले होते, हेच आधी सिद्ध करत बसावं लागतं. बँकेची नोंद स्वतः बोलते.

मुंबईला खेटे घालायचे का?

पैसे अडकलेल्या माणसाला सगळ्यात मोठी भीती याची असते. घेणारा लालबागला किंवा गिरगावात राहतो, म्हणजे फोर्टातल्या सिटी सिव्हिल कोर्टात दावा लावायचा. या कोर्टाची मर्यादा २०२४ मध्ये १ कोटीवरून १० कोटींवर गेली, त्यामुळे तिथलं काम आणखी वाढलं. गावाकडून दर तारखेला रातराणीने जायचं, एक दिवसाची मजुरी बुडवायची आणि पुढची तारीख घेऊन यायचं, हे कुणाला परवडणार?

पण चेक हातात असेल तर चित्र बदलतं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, खात्यावर भरलेला चेक परत आला तर केस कुठे चालणार हे पैसे देणाऱ्याच्या बँक शाखेवरून ठरतं. ज्या शाखेत त्याचं खातं आहे, तिथल्या हद्दीतल्या कोर्टात फिर्याद होते. म्हणजे खातं तालुक्यातल्या जिल्हा बँकेच्या शाखेत असेल, तर दादर-परळच्या माणसालाच तालुक्याला यावं लागतं.

मात्र इथल्या तारखा कडक आहेत. चेक त्यावरच्या तारखेपासून ३ महिन्यांत भरावा लागतो. परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खटला चालू असताना चेकच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम आधी द्यायला लावण्याचा अधिकारही कोर्टाला आहे.

चेक नसेल तर दिवाणी दावा. तो घेणारा राहतो तिथे लावता येतो, किंवा व्यवहाराचा काही भाग जिथे घडला तिथे. पैसे गावात दिले किंवा गावच्या खात्यातून गेले, हे दाखवता आलं तर तालुक्याच्या दिवाणी न्यायालयातही दावा लावता येतो. लेखी करार किंवा वचनचिठ्ठी असेल तर समरी दावा होतो. त्यात समोरच्याला बचाव करण्यासाठीही आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. नुसत्या तोंडी व्यवहाराला ही सोय नाही.

खरा घात तीन वर्षांचा

परतीची तारीख ठरली नसेल, "मागशील तेव्हा देतो" असा व्यवहार असेल, तर दाव्याची तीन वर्षांची मुदत पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतात. मागितल्याच्या दिवसापासून नाही. १० जून २०२३ ला पैसे दिले असतील, तर मुदत १० जून २०२६ ला संपते. मधे किती वेळा फोन केला, किती वेळा "देतो" म्हणाला, याने मुदत वाढत नाही. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही वाढत नाही. नोटीस पाठवून वर्षभर निवांत बसणारे इथंच फसतात.

मुदत वाढते ती सहीने. तीन वर्षं संपायच्या आत "अमुक रक्कम देणं लागतो" असं समोरच्याने लिहून सही करून दिलं, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. मुदतीच्या आत थोडे पैसे परत दिले आणि त्याची नोंद त्याच्या अक्षरात किंवा सहीने असेल, तरीही तसंच. मुदत संपून गेली असेल तर रस्ता अरुंद होतो, पण बंद होत नाही. जुनं देणं फेडण्याचं नवं लेखी, सही केलेलं वचन कायदा मानतो.

व्हॉट्सअॅपवरचे मेसेज पुराव्यात येतात. त्यासोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ फोन आणि मेसेज जपून ठेवावेत. पण मुदत वाढवायला त्यावर विसंबू नये. कागदावरची सही ती सहीच.

पोलीस का घेत नाहीत?

"चारशेवीस दाखल करा" म्हणून बरेच जण पोलीस ठाण्यात जातात. पोलीस "दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवतात. दर वेळी ती टाळाटाळ नसते. पैसे घेतानाच फसवायचा हेतू होता हे दिसलं तर फसवणुकीचा गुन्हा होतो. घेतले आणि नंतर फेडता आले नाहीत, एवढ्याने होत नाही. या फेऱ्यांमध्ये तीन वर्षांतले महिने मात्र जातात.

हुकूमनामा मिळाला, पैसे कुठे आहेत?

आता दुसरी गोष्ट. दावा जिंकला की हुकूमनामा मिळतो. पैसे आले नाहीत तर वसुलीसाठी वेगळी दरखास्त लावावी लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या आकड्यांनुसार देशात अशा सुमारे ८ लाख ८२ हजार दरखास्ती पडून होत्या. त्यात महाराष्ट्र पहिला, सुमारे ३ लाख ४१ हजार. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असं न्यायालयाने आधीच बजावलेलं आहे. तरी ही स्थिती आहे.

आणि इथंच मुंबईच्या खोलीचा भ्रम फुटतो. "लालबागला खोली आहे, तिची किंमत एवढी, पैसे कुठे जातात?" असं गावात म्हणतात. पण चाळीतली खोली पागडीची, भाडेनियंत्रण कायद्याखालची असेल, तर भाडेकरूचा त्यातला हक्क जप्त करता येत नाही. मालकीचा फ्लॅट असेल तर जप्ती होऊ शकते. भविष्य निर्वाह निधीला आणि विमा पॉलिसीच्या पैशाला संरक्षण आहे. पगारातले पहिले १ हजार आणि उरलेल्याचे दोन भाग सुटतात, एकच भाग जप्त होतो. २५ हजार पगार असेल तर महिन्याला जास्तीत जास्त ८ हजार, तेही २४ महिन्यांपर्यंतच. बँकेतली शिल्लक, मालकीचं घर, गाडी आणि गावाकडचा जमिनीतला हिस्सा, वसुली प्रामुख्याने यातून होते. म्हणून दावा लावण्याआधी समोरच्याच्या नावावर खरंच काय आहे, हे बघावं.

मग करायचं काय?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात. रक्कम छोटी असेल, पुरावा काहीच नसेल आणि समोरचा खरोखर बुडालेला असेल, तर ते खरंही आहे. पण पायरी चढू नये याचा अर्थ तारीख विसरावी असा नाही.

आज ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी आधी बँकेच्या पासबुकात पैसे दिल्याची तारीख शोधावी. तीन वर्षं झाली नसतील, तर पुढच्या भेटीत भांडण न करता दोन ओळी लिहून सही घ्यावी, जमल्यास हप्ते ठरवून पुढच्या तारखांचे चेक घ्यावेत. सही द्यायला समोरचा तयार नसेल, तर त्याचं उत्तर कळलं असं समजून मुदतीच्या आत वकील गाठावा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो, त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचीच ताकद असते आणि त्यावर अपील नसतं.

पैसे घेणाऱ्यालाही लवकर मिटवण्यातच फायदा आहे. गोव्याच्या निकालातच तडजोडीचे नवे दर ठरले. बचावाचा पुरावा सुरू व्हायच्या आत चेकची रक्कम भरली तर जादा खर्च न लावता मिटवता येतं. त्यानंतर पण निकालाआधी ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात ७.५ टक्के आणि सर्वोच्च न्यायालयात १० टक्के जादा.

एक इशारा देणाऱ्यांनाही. अडीनडीला एकदा उसने देणं वेगळं आणि दहा जणांना व्याजाने पैसे फिरवणं वेगळं. परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणाऱ्याला राज्याच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे कोर्ट हुकूमनामा देत नाही, उलट त्याच्यावरच गुन्हा होतो.

कागद केला तर नातं तुटेल, ही भीती गावात खोल आहे. प्रत्यक्षात नाती तुटलीत ती कागद नसलेल्या व्यवहारांत. किती दिले, कधी दिले, परत किती आले, याचा दोघांच्या डोक्यातला हिशेब वेगळा निघतो, आणि मग गणपतीला एका घरात आलेली भावंडं एकमेकांशी बोलत नाहीत. पैसे देतानाच तारीख आणि सही घेतली, तर ही वेळ येत नाही.