जडवस्तू नोंदवहीतला संगणक

संगणक नोकऱ्या हिरावून घेईल, या भीतीने एके काळी आपल्या देशातील बँक आणि विमा कर्मचाऱ्यांनी त्याला कडवा विरोध केला होता. बँकांतील यांत्रिकीकरणाविषयी १९८३ साली व्यवस्थापन आणि कामगार संघटना यांच्यात रीतसर करार करावा लागला. १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरील निर्बंध सैल केले आणि पुढील दोन दशकांत हे यंत्र तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोचले. आज परिस्थिती नेमकी उलटी झाली आहे. बीड जिल्ह्यातील कोणत्याही शाळेचा लिपिक आज संगणक आल्याची तक्रार करीत नाही. तो बंद पडल्याची करतो. शिक्षकांची वेतनदेयके ‘शालार्थ’वर, पटाची माहिती ‘यूडायस प्लस’वर, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज ‘महाडीबीटी’वर. पीकविम्याच्या ‘बीड पॅटर्न’मुळे २०२० पासून ज्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले, तेथील शेतकऱ्याचा विम्याचा अर्जही संगणकावरच भरला जातो. दाखल्यासाठी आलेला ऊसतोड मजूर ‘यंत्र बंद आहे, उद्या या’ हे उत्तर ऐकून परततो, तेव्हा त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. हा खर्च कोणत्याही कार्यालयाच्या ताळेबंदात दिसत नाही. पण तो कोणीतरी भरीत असतोच, आणि भरणारा बहुधा सर्वांत गरीब असतो.

या प्रश्नाला अलीकडे एक नवे निमित्त मिळाले आहे. २०१५ साली बाजारात आलेल्या ‘विंडोज १०’ या प्रणालीला दिला जाणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव मुदतीची काही सोय करण्यात आली असली तरी ती तात्पुरती आहे. तिच्या जागी आलेल्या ‘विंडोज ११’ला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सोय आणि एका विशिष्ट पिढीनंतरचाच प्रोसेसर लागतो. साहजिकच साधारणतः २०१७ पूर्वीची बहुतेक यंत्रे, ती धडधाकट असली तरी, उत्पादकाच्या दृष्टीने बाद ठरतात. आता शाळा, महाविद्यालये, पतसंस्था आणि ग्रामपंचायती यांच्यापुढे एकच प्रश्न उभा आहे : नवे घ्यावे की जुनेच चालवावे?

माझ्या मते प्रश्नाची ही मांडणीच सदोष आहे. आपल्या जडवस्तू नोंदवहीत संगणक ‘एक नग’ म्हणून नोंदला जातो. खरेदी एका नगाची होते, घसारा एका नगावर काढला जातो आणि शेवटी निर्लेखनही एका नगाचेच होते. वस्तुतः टेबलावरचा संगणक ही एक वस्तू नसून आठ वस्तूंचा संच आहे : कॅबिनेट, त्यातील वीजपुरवठ्याचा डबा म्हणजे एसएमपीएस, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, माहिती साठविणारी डिस्क, मॉनिटर आणि कीबोर्ड-माउसची जोडी. या आठांचे आयुष्य सारखे नसते. कॅबिनेट आणि मॉनिटर वर्षानुवर्षे टिकतात. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि हलक्या प्रतीचा एसएमपीएस त्या मानाने लवकर दगा देतात. बैलगाडीच्या चाकाची धाव झिजली म्हणून कोणी शेतकरी गाडी मोडीत काढीत नाही. कार्यालये मात्र संगणकाच्या बाबतीत नेमके हेच करतात.

संगणक हा संच आहे हे एकदा मान्य केले की कमी खर्चात कामापुरते यंत्र कसे जुळवावे, या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. पत्रे लिहिणे, तक्ते भरणे, शासकीय संकेतस्थळांवर माहिती चढविणे आणि छपाई करणे, हेच कार्यालयाचे काम. त्यासाठी प्रारंभिक श्रेणीचा, चित्रदर्शनाची सोय अंगभूत असलेला प्रोसेसर पुरेसा होतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डावर एक पैसाही घालवू नये. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ हे अक्षर असते त्यांत ही अंगभूत सोय नसते, म्हणून ते स्वस्त दिसले तरी कार्यालयाच्या उपयोगाचे नाहीत. रॅम ८ जीबीची एकच पट्टी घ्यावी आणि मदरबोर्डवरील दुसरी खाच पुढील गरजेसाठी रिकामी ठेवावी. साठवणीसाठी हार्ड डिस्कऐवजी २५६ किंवा ५१२ जीबीची एसएसडी घ्यावी. तीत फिरणारा भाग नसतो, आणि यंत्राच्या वेगात कारकुनाला जाणवेल असा फरक सर्वांत अधिक तिच्यामुळेच पडतो. जुन्या यंत्रातील तबकडी काढून एसएसडी बसविली, तर ‘मंद झाला’ म्हणून कोपऱ्यात टाकलेला संगणक पुष्कळदा पुन्हा कामाला लागतो.

जेथे काटकसर करू नये अशा जागा मात्र दोन आहेत. पहिली एसएमपीएस. स्वस्त कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या डब्यावर छापलेले वॅट बहुधा कागदावरचेच असतात. विजेचा दाब सतत वरखाली होणाऱ्या आपल्यासारख्या जिल्ह्यात तो डबा एकटा जळत नाही. मदरबोर्डलाही सोबत घेऊन जातो. दुसरी जागा म्हणजे यूपीएस आणि योग्य अर्थिंग. परळीत औष्णिक वीजकेंद्र असूनही भारनियमनाचा अनुभव या जिल्ह्याला नवा नाही. अर्धवट भरलेला तक्ता जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटे यूपीएसने दिली, तरी त्याची किंमत वसूल होते.

अर्थात जुने ते सारे राखावे, असेही माझे म्हणणे नाही. येथेही हिशेबच मार्गदर्शक मानावा. जाड काचेच्या नळीचा मॉनिटर असलेला, दोनशे वॅट वीज ओढणारा संच दिवसाला आठ तास याप्रमाणे वर्षातील अडीचशे दिवस चालला, तर ४०० युनिट वीज खातो; साठ वॅटचा आजचा साधा संच तेवढ्याच कामाला १२० युनिट घेतो. दरवर्षी २८० युनिट जादा खाणारे यंत्र ‘फुकट’ पडले आहे, असे म्हणता येत नाही.

बाजाराची सद्यःस्थितीही ध्यानात घेतली पाहिजे. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जगभर भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या अवाढव्य संगणक केंद्रांनी स्मृती-चकत्यांची मागणी वाढविली आणि कारखान्यांनी आपली क्षमता त्या किफायतशीर गिऱ्हाइकाकडे वळविली. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने तर सामान्य ग्राहकांसाठीची ‘क्रूशल’ ही आपली मुद्रा बंद करण्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. दूरच्या देशातील अशा निर्णयाची झळ गेवराई वा केज येथील दुकानदाराच्या कोटेशनला लागते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वर्गात सांगता येण्याजोगे उदाहरण आहे. त्याचा व्यावहारिक बोध असा की, जुन्या संचातील चालू रॅम, पिढी जुळत असल्यास, दुसऱ्या संचात वापरावी. ती भंगाराच्या भावाने वजनावर विकणे म्हणजे संस्थेची मालमत्ता टाकून देणे होय.

आता प्रणालीविषयी. गावात जुळविलेल्या यंत्रात परवान्याविना विंडोज भरून देण्याची प्रथा सर्रास आहे. ती बेकायदेशीर तर आहेच, पण सुरक्षेच्या दृष्टीनेही घातक आहे. याला सन्मान्य पर्याय उपलब्ध आहे. लिनक्सवर आधारित प्रणाली आणि ‘लिबरऑफिस’ ही मुक्त साधने विनामूल्य मिळतात. ‘सी-डॅक’ने ‘बॉस’ नावाची भारतीय प्रणालीही तयार केली आहे. केरळने आपल्या शाळांत मुक्त प्रणालींचा वापर राज्यभर रुजविला, हे उदाहरण आपल्यासमोर आहे. टॅली किंवा डिजिटल स्वाक्षरीच्या कामासाठी विंडोज आवश्यक असेल तर अशा एका यंत्रापुरता रीतसर परवाना घ्यावा. उरलेल्या यंत्रांनी त्याचा भार का सोसावा? याच जोडीला मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकित करण्याचा कटाक्ष हवा. जुन्या खासगी फॉन्टमध्ये साठविलेली कागदपत्रे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक अक्षरांची रांग होऊन बसतात, आणि त्या कागदांखातर मोडकळीस आलेले यंत्र सांभाळावे लागते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल : नामांकित कंपनीच्या यंत्राची हमी असते, जुळविलेल्या यंत्राला वाली कोण? लेखापरीक्षणात उत्तर कोण देणार? आक्षेप रास्त आहे. मुख्याध्यापकाला आणि लिपिकाला आपली नोकरी सांभाळायची असते. परंतु प्रोसेसर, मदरबोर्ड, एसएसडी यांच्यावर उत्पादकाची स्वतंत्र हमी असते, आणि ती बहुधा तीन वर्षांची असते. देयकावर प्रत्येक भागाचे नाव, अनुक्रमांक आणि हमीची मुदत लिहून घेतली, तर जबाबदारी निश्चित करता येते. उलट काही कंपन्यांच्या आटोपशीर संचांत एसएमपीएस आणि मदरबोर्ड खास घडणीचे असतात. हमी संपल्यावर त्यांचा सुटा भाग तालुक्याच्या बाजारात मिळत नाही, आणि एका भागापायी सारे यंत्र धूळ खात पडते. म्हणून नामांकित यंत्र घ्यावयाचे असले तरी सुटे भाग सर्वसाधारण मापाचे असावेत, ही अट निविदेत घातलीच पाहिजे.

करण्याजोग्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. जडवस्तू नोंदवहीत संगणकाखाली त्याच्या आठही भागांची पोटनोंद व्हावी. नव्या खरेदीसाठी मार्चअखेर घाईघाईने पैसा खर्ची पडतो, पण एका एसएसडीसाठी सादिलमध्ये तरतूद सापडत नाही, ही विसंगती दूर व्हावी. कोणत्याही यंत्राचे निर्लेखन करण्यापूर्वी त्यातील कोणता भाग निकामी आहे याचा लेखी दाखला घ्यावा. बीड आणि अंबाजोगाई येथील शासकीय तंत्रनिकेतने आणि तालुक्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्या विद्यार्थ्यांकडे प्रात्यक्षिक म्हणून शाळांची यंत्रे दुरुस्तीला दिली, तर हात शिकतील आणि यंत्रेही चालतील. खरोखर निकामी झालेले भाग मात्र ई-कचऱ्याच्या नियमांनुसार अधिकृत संकलकाकडेच गेले पाहिजेत.

ज्या जिल्ह्यातील लाखो माणसे वर्षातील सहा महिने पोटासाठी परमुलखात ऊस तोडतात, तेथील सार्वजनिक पैशाला आणि सामान्य माणसाच्या दिवसाला मोल आहे. दुकानात मोजली ती संगणकाची किंमत. तो बंद राहिला त्या प्रत्येक दिवशी लोकांनी सोसला तो त्याचा खर्च. किंमत कमी करणारे निर्णय पुष्कळ झाले. आता खर्च कमी करणारे निर्णय घेण्याची वेळ आली आहे, आणि त्याचा आरंभ नोंदवहीतील त्या ‘एक नग’ या दोन शब्दांपासून करावा लागेल.