हपुषेचे मद्य विदेशी कसे?

म्हैसूरमधील मेटगळ्ळी ही कारखान्यांच्या शेजारची वस्ती. येथे आम्हा काही निवृत्त समवयस्कांची अधूनमधून बैठक होते आणि तीत बहुधा वर्तमानपत्रांतील बातम्यांचा काथ्याकूट चालतो. गेल्या बैठकीत मात्र यजमानांनी चार भारतीय जिन प्रत्येकी चमचाभर, तितकेच साधे पाणी घालून, समोर ठेवल्या. बाटल्या आतल्या खोलीत होत्या. टॉनिक आणि बर्फ मुद्दामच वर्ज्य केले होते. साखर व कडवटपणा मद्याचे दोष झाकतात आणि गारठा गंध दाबून टाकतो. प्रथम वास घ्यायचा, मग घोट, आणि मगच मत द्यायचे.

पहिल्या पेल्यात चिडाच्या डिंकासारखा स्वच्छ, कोरडा गंध होता. दुसऱ्यात तोच गंध, पण ओल्या मातीचा आणि हळदीचा. तिसऱ्यात लिंबूवर्गीय सालींमागून मिरी आणि जायपत्री येत होती, तर चौथ्यात वाळा आणि गवती चहा. बाटल्या बाहेर आल्यावर पहिल्या दोन, ‘ग्रेटर दॅन’ आणि ‘हपुसा’, गोव्यातील एकाच उत्पादकाच्या निघाल्या. जिनचा प्राण म्हणजे ज्युनिपरचे फळ. पहिलीत ते मॅसिडोनियाचे, दुसरीत हिमालयातील. तिसरी, ‘स्ट्रेंजर अँड सन्स’, हीदेखील गोव्याचीच. चौथीच्या नावात जैसलमेर असले तरी ती उत्तर प्रदेशातील रामपूरची. माझा एकच अंदाज बरोबर ठरला.

जीभ चुकली याचे मला वैषम्य वाटले नाही. मन अडकले ते दुसऱ्या बाटलीच्या नावात. हपुषा हे ज्युनिपरचे संस्कृत नाव. आयुर्वेदाला ही वनस्पती पूर्वापार ठाऊक आहे. हिमालयातील हपुषा, हळद आणि बंगालचे गंधराज लिंबू यांपासून गोव्यात तयार झालेले हे पेय आपल्या उत्पादन शुल्काच्या दप्तरी मात्र ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ आहे. बाटलीवरील ४२.८ टक्के या आकड्याचे मूळही परकीय आहे. इंग्रजांच्या जुन्या ‘प्रूफ’ पद्धतीत शंभर अंश म्हणजे सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क. त्याचे पंचाहत्तर अंश म्हणजे ४२.८. ती मोजणी इंग्लंडनेही सोडली, पण आपल्या बाटल्यांवर तिची सावली उरली आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून अशा सावल्यांकडे माझे लक्ष जाते. येथून जवळच असलेल्या श्रीरंगपट्टणाविषयी एक गोष्ट हौसेने सांगितली जाते: १७९९ मध्ये टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यावर तेथील हिवतापाने इंग्रज सैनिक बेजार झाले, कडू क्विनाइन गळ्याखाली उतरावे म्हणून त्यांनी त्यात जिन मिसळली आणि जिन-टॉनिक जन्मले. गोष्ट गोड आहे, पण कालक्रमात बसत नाही. सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन वेगळे काढले गेले १८२० मध्ये, पॅरिसमध्ये. टॉनिकचे पहिले पेटंट १८५८ चे. आणि शेजारच्या निलगिरीत सिंकोनाची लागवड सुरू झाली ती १८६० नंतर. दंतकथेने कोणाचे नुकसान होत नाही. कायद्याने तसेच गृहीत उराशी धरले, तर मात्र होते.

ते नुकसान फेणीला विचारावे. काजूच्या बोंडाच्या आंबवलेल्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून हुर्राक निघते आणि पुढच्या ऊर्ध्वपातनातून फेणी. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा-पेयाचा दर्जा दिला. तरीही ‘देशी मद्य’ हा शिक्का तिच्या वाटेत आडवा येतो आणि गोव्याची सीमा ओलांडणे तिला जड जाते. त्याच गोव्यातील जिन ‘विदेशी’ म्हणून देशभर फिरते. पेयात काय आहे व ते कसे गाळले, यापेक्षा त्याच्या नावाचे कूळ कोठले, हेच कायदा आधी विचारतो.

महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये धान्याधारित ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा वर्ग निर्माण केला. १८० मिलिलिटरची किमान किंमत देशीला ८० रुपये, नव्या वर्गाला १४८ आणि भारतीय बनावटीच्या विदेशीला २०५ ठरली. महसुलाच्या दृष्टीने हे समजण्याजोगे आहे. पण जुन्या दोन कप्प्यांमध्ये तिसरा बसवल्याने कप्प्यांचा पाया तपासला गेला, असे होत नाही.

यावर आक्षेप येईल की संविधानाचा अनुच्छेद ४७ मद्यनिषेधाची दिशा दाखवत असताना मद्याच्या वर्गीकरणाची चिंता कशाला? आक्षेप गंभीर आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे प्रशासनात काम केलेल्या कोणालाही दिसलेली असतात. परंतु इंग्लंडचा अनुभव विसरू नये. १७३६ च्या जिन कायद्याने जबर कर व पन्नास पौंडांचा परवाना लादला; परिणामी चोरटी विक्री फोफावली आणि १७४३ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. १७५१ च्या कायद्याने कोण विकतो यावर नियंत्रण आणले, तेव्हा कुठे परिस्थिती आटोक्यात येऊ लागली. ज्याला मद्यावर अंकुश हवा, त्याने बाटलीत काय आहे हे आधी जाणून घेतले पाहिजे.

त्यासाठी क्रांतीची गरज नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मद्यविषयक मानके २०१८ पासून आहेत. त्यांच्या आधाराने तीन गोष्टी लेबलवर ठळकपणे सक्तीच्या कराव्यात: मद्यार्क मळीचा, धान्याचा की फळाचा, सुगंध वनस्पतींसह गाळून आला की तयार अर्क मिसळून, आणि प्रत्यक्ष उत्पादन कोठे झाले. कर मद्यार्काच्या प्रमाणावर आकारावा. ‘देशी’ आणि ‘विदेशी’ हे शब्द कायद्यातून निवृत्त करावेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने औद्योगिक मद्यार्कावरही राज्यांचा अधिकार मान्य केला. अधिकार वाढला, तशी जबाबदारीही वाढली. पुढाकार आता राज्यांनीच घ्यायचा आहे, आणि गोवा, महाराष्ट्र व कर्नाटक या शेजाऱ्यांनी तो एकत्र घेतला तर उत्तम.

बैठक संपताना पाचवी बाटली निघाली. ती फेणीची होती. तिच्या उग्र फळगंधावर आमचे एकमत झाले नाही. दोघांना ती अजिबात रुचली नाही. ते त्यांचे मत होते आणि चाखून झालेले होते. कायद्याने मात्र तिला न चाखताच खालच्या पंगतीत बसवले आहे.