पॅरालीगलचे प्रमाणपत्र : तीस हजार देण्याआधी

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी अब्बांना घेऊन माझ्याकडे आली. कॉमर्समधून बारावी झालेली. हातात एका खासगी संस्थेचे पत्रक. ‘आपा, सहा महिन्यांचा पॅरालीगल कोर्स आहे. फी तीस हजार. पुढे वकिलांच्या ऑफिसात नोकरी लागते म्हणतात. करू का?’ अब्बा रिक्षा चालवतात. तीस हजार म्हणजे त्यांची उचललेली भिशी. त्यांनी एवढेच विचारले, ‘बाजी, म्हणजे ही वकील होणार ना?’

नाही होणार. 1961च्या अधिवक्ता कायद्यानुसार वकिली करण्याचा हक्क नोंदणीकृत वकिलालाच आहे, आणि नोंदणीसाठी कायद्याची पदवी लागते. सहा महिन्यांचे कोणतेही प्रमाणपत्र तिची जागा घेऊ शकत नाही.

गोंधळ शब्दाचा आहे. अमेरिकेत पॅरालीगल ही पगारी नोकरी आहे. तिथले पॅरालीगल वकिलाच्या देखरेखीखाली कागदपत्रे तयार करतात, संदर्भ शोधतात. त्याचे शिक्षण कम्युनिटी कॉलेजात मिळते. आपल्याकडे हा शब्द जास्त ऐकू येतो तो स्वयंसेवकासाठी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2009 साली पॅरा लीगल व्हॉलंटिअर योजना आणली. निवड झाली की प्रशिक्षण मोफत. मानधन काम दिलेल्या दिवसापुरते, पगार नाही. पत्रकवाले नोकरी तिथली दाखवतात आणि फी इथे घेतात.

मग वकिलांच्या ऑफिसात काम मिळतच नाही का? मिळते. मी ओळखीच्या तीन-चार वकिलांना विचारले. कुणीही प्रमाणपत्राबद्दल बोलले नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच : मराठी टायपिंग येते का? वकीलपत्र भरणे, कोर्ट फी स्टॅम्प लावणे, तारखांची डायरी ठेवणे, नकलेचा अर्ज करणे, हे कारकून कामावरच शिकतो. टायपिंगचा क्लास तीस हजारांच्या कितीतरी खाली होतो.

अभ्यासक्रमच हवा असेल तर इग्नूची पॅरालीगल प्रॅक्टिसमधली पदविका आहे. बारावीनंतर, किमान एक वर्षाची, दूरशिक्षणाने. आधीच एखाद्या संस्थेत किंवा ऑफिसात काम करणाऱ्याला तिचा उपयोग होईल. पण तीही नोकरीची हमी नव्हे.

मी हे शिक्षण निरुपयोगी म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः तालुका विधी सेवा समितीचे प्रशिक्षण घेतले. पैसे फार मिळाले नाहीत, पण कागद वाचायला शिकले. नंतर एक खाला आल्या. तलाक झालेला, दोन मुले, आणि घरच्यांनी सांगितलेले की इद्दतनंतर काही मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 2024 रोजी स्पष्ट केले आहे की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144) खाली पोटगी मागता येते. मी त्यांना ते सांगितले. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो, हेही सांगितले. मग दोघींनी बसून अर्ज भरला. प्रत्येक मोहल्ल्यात एवढे सांगू शकणारी एक तरी मुलगी हवी. त्यासाठी कुणाची भिशी मोडायची गरज नाही.

ज्यांना खरोखर कायद्यात जायचे आहे त्यांनी पदवीचाच विचार करावा. बारावीनंतर पाच वर्षे, किंवा पदवीनंतर तीन वर्षे, प्रवेश सीईटीतून. जुलै 2024 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने असाही निकाल दिला की बार कौन्सिलला नोंदणीसाठी कायद्यात ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही : सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 125. दारातला एक मोठा धोंडा त्यामुळे हटला.

मला माहीत आहे, पाच वर्षे थांबणे प्रत्येक घराला परवडत नाही. झटपट कोर्सचे पत्रक आपल्या वस्तीत म्हणूनच खपते. पण घाई असेल तेव्हाच जास्त तपासावे. संस्थेला तीन गोष्टी विचारा. प्रमाणपत्राला मान्यता कुणाची? मागच्या तुकडीतले कोण कुठे कामाला लागले, त्यांच्याशी बोलता येईल का? मधेच सोडले तर किती फी परत, ते लेखी द्याल का? उत्तर टाळले तर तेच उत्तर समजा.

त्या मुलीने बी.कॉम.ला नाव घातले आहे. सकाळी टायपिंग क्लास, आणि तालुका समितीकडे स्वयंसेवक म्हणून अर्ज. तीन वर्षांनी सीईटी देणार म्हणते. निघताना तिच्या अब्बांनी पुन्हा विचारले, ‘तेव्हा तरी वकील होईल ना?’ मी म्हटले, त्या रस्त्याने गेली तर होऊ शकेल.