इंग्रजी संभाषणाचा सराव आणि आपले तरुण

चंदगडच्या तरुणास इंग्रजी वाचता येते, परीक्षेत लिहिताही येते. परंतु बेळगावच्या वा गोव्याच्या एखाद्या कचेरीत कोणी इंग्रजीत दोन प्रश्न विचारले की त्याची वाचा बसते. हा बुद्धीचा दोष नव्हे; बोलण्याची संधीच न लाभल्याचा तो परिणाम होय. त्यावर एक बिनखर्ची उपाय आहे.

रविवारी वंदनेनंतर विहारात दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने मोटार विकणारा व्हावे, दुसऱ्याने घेणारा. किंमत, हप्ते, विमा, दुरुस्ती यांवर सुचेल तसे इंग्रजीत बोलावे. संवाद पाठ करून येऊ नये. मोटारच का? ब्रेक, क्लच, गिअर, टायर हे शब्द आपल्या निरक्षर बांधवांच्याही तोंडी आहेत; उणीव आहे ती क्रियापदांची आणि धैर्याची. पाठांतर अशासाठी नको की, समोरच्याचे उत्तर आपल्या पाठांतराबरहुकूम येत नसते. उलटतपासणीस तोंड दिलेल्या साक्षीदारास हे सांगावयास नको.

मात्र एक अट कटाक्षाने पाळावी. भूमिका दर वेळी बदलाव्यात. आज जो चालक झाला त्याने उद्या मालक व्हावे. जो विमा अधिकारी झाला त्याने अपघाताची नुकसानभरपाई मागणारा व्हावे. मुलींनीही या सर्व भूमिका घ्याव्यात. केवळ 'यस सर' म्हणण्याचा सराव म्हणजे जुन्याच दास्याचे नवे शिक्षण होय.

वाहनाचा विषय आपणांस क्षुल्लक नाही. १९२९ साली चाळीसगावी बाबासाहेबांस टांग्यातून नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. सवय नसलेल्या बांधवाने तो हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये इंग्रजीत लिहिला, म्हणून तो कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचला.

यात मराठीचा त्याग आहे, असा आक्षेप कोणी घेईल. आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची अनुज्ञा तथागतांनी दिली, हे आपण जाणतोच. परंतु संविधानाच्या ३४८ व्या कलमान्वये उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरास सुरू झाले. न्यायालय जवळ आले. त्याची भाषा मात्र आपल्यापासून दूरच राहिली. आपल्या दाव्यात आपल्याच विषयी काय बोलले जात आहे, हे ज्यास कळत नाही, त्याचा हक्क परक्याच्या जिभेवर अवलंबून राहतो.

म्हणून तरुणांनो, येत्या रविवारी विहारात दोन खुर्च्या मांडा. व्याकरण चुकले तरी चालेल. मान खाली घालून बोलू नका. जयभीम!