गिरडचे खडे, माहीमचे पाणी

मागच्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीने टेबलावर सुपारीपेक्षा मोठा, गोलसर दगड ठेवला. "मॅडम, हा गिरडचा. अम्मी म्हणते करामत आहे, भाईजान म्हणतो नुसता दगड. खोटं कोण बोलतंय?"

माझ्या मते, खोटं कोणीच बोलत नव्हतं.

गिरड आपल्याच वर्धा जिल्ह्यातले, समुद्रपूर तालुक्यात. कथा अशी की दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी शेख फरीद बाबांची थट्टा केली आणि त्यांच्या नारळासकट सगळ्या मालाचे दगड झाले. टेकडीवरचे खडे म्हणजे तोच माल. इंग्रजांच्या गॅझेटियरातही ही कथा आहे, असे लोक अभिमानाने सांगतात. आहेच. पण तिथे ती लोक सांगतात म्हणून नोंदली आहे. त्यावरून कथा जुनी ठरते, घटना नाही.

उरले खडे. भूगर्भशास्त्रात त्यांना झिओलाइट म्हणतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड झाला, त्यात पोकळ्या राहिल्या, पाझरत्या पाण्याने त्यात खनिजे साचली. भोवतीचा काळा पत्थर झिजला की खडे मोकळे होतात. जळगाव, नाशिक, पुण्याच्या खाणींतही झिओलाइट निघते. तिथे कोणी व्यापारी थट्टा करून गेला नव्हता! तेव्हा खडा दाखवून कथा सिद्ध होत नाही. बाबांच्या बुजुर्गीबद्दल मात्र यातून काहीच कमी होत नाही.

मग हजारो साक्षीदार असले तर? 18 ऑगस्ट 2006, शुक्रवार. माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाले म्हणून मुंबईत झुंबड उडाली. मखदूम शाह बाबांची करामत, अशी खबर पसरली. लोकांनी ते गढूळ, सांडपाणी मिसळलेले पाणी प्यायले, लेकरांना पाजले, बाटल्या भरल्या. पालिका पिऊ नका म्हणत होती.

आपल्या मुहद्दिसांचा एक नियम इथे कामाला येतो. मुतवातिर खबर, म्हणजे इतक्या लोकांनी सांगितलेली की संगनमत अशक्य, ती पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टीची असावी लागते. काढलेल्या अनुमानाची नव्हे. पाणी कमी खारट लागले, ही जिभेची साक्ष. ती मी मानते. 'करामत झाली' हे अनुमान, ते हजारांनी काढले तरी अनुमानच. ऑगस्टचा पाऊस, तिथेच मिळणारी मिठी नदी (नाव तरी बघा), आणि गोडे पाणी हलके, म्हणून वर तरंगणारे. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा खारट लागू लागले.

करामत हक आहे, असे मानणाऱ्या घरातच मी वाढले. अल्लाह करू शकतो, यात शंका नाही. पण करू शकतो म्हणून अमुक दिवशी केलेच, असे होत नाही. हजरत पैगंबर (स.) यांचे तान्हे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, त्यांच्या मृत्यूमुळेच. गप्प राहिले असते तरी लोकांची श्रद्धा वाढलीच असती. पण त्या दुःखातही त्यांनी स्पष्ट सांगितले की सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणा-जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही.

गिरडला आमच्या आंजीहूनही माणसे जातात. तुम्हीही जा, फातिहा पढा, लेकरांना खडे वेचू द्या. कुठूनही तबर्रुकचे पाणी आणले असेल, तर आजाऱ्याला देण्याआधी उकळून घ्या.